भिंगरीची दोन कॉलेजं

लहानपणी घरात तिला सगळे भिंगरी म्हणायचे, आणि मोठेपणीही तिने ते नाव खोटं पडू दिलं नाही. ती चालते तेव्हा निम्मी पळत असते आणि बसते तेव्हा उठायच्या बेतात असते. सरकारी हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या खोलीला लागून एक लांबट हॉल आहे. तिथे ती ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून काम करायची.

हे काम नेमकं काय असतं, ते तिच्या आत्याला शेवटपर्यंत कळलं नाही. त्याला व्यवसायोपचार असाही एक भारदस्त शब्द आहे असं कळल्यावर आत्याने शेजारणीच्या जावयाला, ज्याचं दुकान नुकतंच बसलं होतं, बिनधास्त तिच्याकडे पाठवून दिलं. भिंगरीने त्याला पाणी दिलं, खुर्ची दिली आणि समजावून सांगितलं. अर्धांगवायू झाला, हात मोडला किंवा डोक्याला मार लागला, तर डॉक्टर माणसाचा जीव वाचवतात. माणूस घरी येतो, पण त्याला दात घासता येत नाहीत, कुलूप उघडता येत नाही, ताटातला घास तोंडापर्यंत नेता येत नाही. ही रोजची कामं त्याची त्याला पुन्हा जमावीत, यासाठी आम्ही असतो. जावयाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बरोबर आहे, पण मग दुकानाचं काय?"

भिंगरी आपल्या कामात तरबेज होती आणि हे सांगताना मला हात आखडता घ्यायचा नाही. त्या हॉलमध्ये एका भिंतीला कड्या आणि कुलपं ठोकलेली फळी आहे, दुसरीला वेगवेगळ्या आकाराच्या बटणांची. कोपऱ्यात एक ओटा आहे, त्यावर गॅसची शेगडी आहे, फक्त तिला गॅस जोडलेला नाही. एवढ्या सामानावर ही बाई काय काय करायची! एका पोस्टमनने व्यायाम करायला साफ नकार दिला होता. बोटं उघड-मीट करणं त्याला पोरखेळ वाटायचा. तिने कचेरीतून जुन्या पाकिटांचा गठ्ठा आणून त्याच्यापुढे टाकला आणि म्हणाली, "काका, ही जरा गल्लीप्रमाणे लावून द्या, माझा फार घोळ झालाय." काकांनी तिच्या अडाणीपणावर तोंडसुख घेत घेत सगळी पाकिटं लावली, आणि लावता लावता त्यांचा हात कधी चालायला लागला ते त्यांनाही कळलं नाही. एका निवृत्त शिक्षिकेच्या हातातून चमचा सारखा निसटायचा, तर हिने सायकलच्या हँडलचं रबर कापून चमच्याच्या दांड्यावर चढवलं. रोग्याकडे बघून त्याला कुठे अडतंय हे तिला पटकन दिसायचं. अशी नजर शिकवून येत नाही, असं तिचे साहेबसुद्धा म्हणायचे, आणि साहेब सहसा कुणाबद्दल बरं बोलायचे नाहीत.

नातेवाईकांना मात्र ती फैलावर घ्यायची. कुणाची बायको नवऱ्याला भरवताना दिसली, कुणाचा मुलगा आईची चप्पल घालून देताना दिसला, की ही तिथे हजर. "त्यांचं त्यांना करू द्या. तुम्ही करत राहिलात तर ते जन्मभर तुमच्याच तोंडाकडे बघतील." नातेवाईक वरमायचे. एक-दोघांनी तर तिला जल्लाद असं नाव ठेवलं होतं.

आता या जल्लादाच्या घरी काय चालायचं, ते ऐका.

तिचे बाबा वायरमन होते. आई गेली आणि वर्षाच्या आत अर्धांगवायूने बाबांचा उजवा हात गेला. जागेवर होता, पण कामातून गेला. पाय लवकर सावरला, बोलणं पूर्ववत झालं, हात काही परत आला नाही. आणि हीच भिंगरी रोज सकाळी, एका खांद्याला पर्स आणि तोंडात पोळीचा तुकडा अशा अवस्थेत, बाबांपुढे उभी राहून त्यांच्या शर्टाची बटणं वरपासून खालपर्यंत फटाफट लावून द्यायची आणि बस गाठायला धूम ठोकायची. एकदाही तिने "बाबा, तुम्ही लावा" असं म्हटलं नाही. सकाळची वेळ, बस निघून जाणार, संध्याकाळी बघू, रविवारी बघू, असं करत वर्षं गेली. दुसऱ्याच्या बापाला शिस्त लावणं सोपं असतं, आपल्या बापात मात्र रोगी दिसत नाही, फक्त बाप दिसतो.

तर अशा या बाईने मास्टर्स करायचं ठरवलं. एकही प्रवेश मिळणार नाही या अंदाजाने तिने दोन कॉलेजांत अर्ज केला, आणि दोन्हीकडे तिला घेतलं. आत्या म्हणाली, "आता एकात तू जा, एकात मी जाते. जागा फुकट कशाला घालवायची?"

पहिलं कॉलेज त्याच शहरात, बसच्या रस्त्यावर. तिथे रोग्याचा हात धरून हलवणारं यंत्र होतं, काचेच्या खोल्या होत्या, भिंतींवर परदेशी पाहुण्यांचे फोटो होते. मुलाखतीच्या दिवशी तिथल्या सरांनी तिला एका रोग्यासाठी हात सरळ ठेवणारी पट्टी बनवताना पाहिलं आणि चारचौघांत म्हणाले, "असे चपळ हात आम्हाला हवेच आहेत." ती तरंगत घरी आली. दुसरं कॉलेज रात्रभराच्या प्रवासावर, हॉस्टेलमध्ये राहावं लागणार. तिथे खरं तर तिला जायचंच नव्हतं, कारण बाबांना सोडून जाणार कुठे? पण निवड झालेल्यांनी एकदा येऊन बघून जावं असं त्यांनी कळवलं होतं, म्हणून ती गेली. नाही म्हणायचं तर तोंडावर म्हणावं, असा तिचा स्वभाव.

बघून ती हिरमुसलीच. बैठी इमारत, रंगाचे पोपडे, यंत्रबिंत्र काही नाही. विभागाच्या प्रमुख बाई केस पांढरे झालेल्या, अंगाने बारीक आणि सदा हात पाठीमागे बांधून उभ्या. त्या म्हणाल्या, "बसा, चहा येतोय." चहा करत होता एक माळी. त्यालाही पॅरालिसिसच झालेला, आणि तोही उजव्याच बाजूला. ओट्यापाशी उभं राहून त्याने डाव्या हाताने भांडं ठेवलं, पाणी घेतलं, थोडं सांडलं, पुसलं, पुन्हा घेतलं. इथल्या शेगडीला गॅस जोडलेला होता. काडी पेटवायला त्याला बराच वेळ लागला. बाई गप्प, त्यांचे विद्यार्थी गप्प. भिंगरीचे मात्र हात शिवशिवत होते. शेवटी माळ्याने साखरेचा डबा पोटाशी धरला आणि झाकण उघडायला लागला. झाकण घट्ट बसलेलं. एकदा निसटलं, दोनदा निसटलं, आणि भिंगरीला राहवलं नाही. ती उठली, "द्या काका," म्हणाली आणि एका झटक्यात झाकण उघडून डबा त्याच्या पुढ्यात ठेवला.

माळ्याने डब्याकडे बघितलं, गॅस बंद केला आणि तो जाऊन बाकावर बसला. रागावला नव्हता. "राहू दे," म्हणाला, "उद्या उघडीन."

चहा तसाच राहिला. बाई तिला व्हरांड्यात घेऊन गेल्या.

"त्यांचा चहा तुम्ही केलात," त्या म्हणाल्या.

"मी फक्त झाकण उघडलं."

"तेवढंच राहिलं होतं त्यांचं. बाकी सगळं जमायला लागलंय. आज पाहुण्यांना स्वतः चहा देणार म्हणून सकाळी दाढी करून आलेत."

उभ्या आयुष्यात भिंगरीला कामावरून कुणी बोललं नव्हतं.

"तुमचे हात चांगले आहेत," बाई म्हणाल्या. "ते मांडीवर ठेवायला आम्ही शिकवतो. त्यालाच जास्त वेळ लागतो. यायचं तर या, सोमवारपर्यंत कळवा."

परतीच्या प्रवासात ती धुमसत होती. घरी येऊन तिने आत्यापुढे सगळं ओकून टाकलं. आत्या तिच्याच बाजूची. "झाकण उघडलं म्हणून बोलली? डोकं ठिकाणावर आहे का त्या बाईचं? उद्या कुणी पडला तर उचलायचं नाही का?" एरवी आत्याने कुणाची अशी चंपी केली की भिंगरीला बरं वाटायचं. या वेळी नाही वाटलं. तो माळी बाकावर जाऊन बसलेला तिच्या डोळ्यांपुढून हलेना. आणि मग दुसऱ्या दिवशी, हॉलमध्ये काम करता करता, तिच्या एक गोष्ट लक्षात आली. पोस्टमनकाकांचा हात चालायला लागला तेव्हा ती साहेबांच्या मीटिंगमध्ये होती. शिक्षिकाबाईंनी पहिल्यांदा चमचा तोंडापर्यंत नेला तेव्हा ही टेबलाखाली शिरून निखळलेला खिळा ठोकत होती. ती बाजूला असायची तेव्हाच माणसं पुढे सरकायची. वर्षानुवर्षं नातेवाईकांना झापणारी ती स्वतःच सगळ्यात मोठी नातेवाईक होती. तिला लाज वाटली, अगदी कानाच्या पाळ्या गरम होण्याइतकी लाज वाटली. आणि त्याचबरोबर हेही कळलं, की आपल्याला त्या पोपडे उडालेल्या कॉलेजातच शिकायचंय.

मला तिचं कौतुक वाटतं ते इथे. स्तुती करणारा सोडून आपलं उणं दाखवणाऱ्याकडे जावंसं वाटायला मोठं मन लागतं.

पण वाटून काय उपयोग? बाबा होते ना. आत्या दोन गल्ल्या पलीकडे राहणारी, गुडघ्यांनी बेजार, दुपारी कशीबशी येऊन डोकावून जायची. सकाळी बाबांना तयार कोण करणार? दोन वर्षं ते काय उघड्या अंगाने बसणार? आत्याने तर निकालच देऊन टाकला होता, "जवळचं घे आणि मोकळी हो. एवढा विचार कशाला करतेस?" बाबा बाजूला बसून रेडिओ ऐकत होते.

रविवारी सकाळी ती बाबांसमोर शर्ट ठेवून खुर्चीवर बसली. नुसती बसली नाही, दोन्ही तळहात मांड्यांखाली घालून बसली.

बाबांनी वाट बघितली. "आज काय संप आहे?"

"बाबा, आज तुम्ही लावा. मला बघायचंय."

त्यांनी तिच्याकडे जरा वेळ निरखून पाहिलं. मग शर्ट उचलला. निकामी हात आधी बाहीत घातला, मग चांगला. शर्टाची खालची कड टेबल आणि पोट यांच्यामध्ये दाबून धरली आणि सगळ्यात खालच्या बटणापासून सुरुवात केली. होल्डरमध्ये वायर सारावी तसं अंगठ्याने बटण काजात सारायचं, पलीकडून बोटाने ओढून घ्यायचं, की वरचं. गळ्यापर्यंत पोचायला वेळ लागला, पण एकही बटण चुकलं नाही. आणि भिंगरी खुर्चीवर पुढे झुकली, कारण माणूस पहिल्यांदा बटण लावतो तेव्हा कसं लावतो हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? हा हात पहिल्यांदा लावत नव्हता. याला चांगला सराव होता.

"कधीपासून येतंय तुम्हाला?"

"झाली की दोन वर्षं."

"आणि संध्याकाळी अंगात दुसरा शर्ट असतो, तो?"

"मीच बदलतो. दुपारी फार उकडतं."

तिला इतके दिवस वाटत होतं की आत्या येऊन बदलते. आत्याला वाटत होतं की तो शर्ट हीच सकाळी घालून जाते. अख्ख्या घरात बाबांना विचारावं असं कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

"मग सांगितलं का नाहीत?" तिचा आवाज चढला. "रोज सकाळी मी धावतपळत..."

"तू आई गेली तेव्हा रडली नाहीस," बाबा म्हणाले. ते कॉलर सारखी करत होते, तिच्याकडे बघत नव्हते. "सगळ्यांना चहा दिलास, भांडी घासलीस, कामावर गेलीस. तेव्हापासून जी पळत सुटलीस ती थांबलीच नाहीस. सकाळी बटणं लावताना तेवढी उभी राहायचीस माझ्यापुढे. लावून झालं की एकदा छातीवरून हात फिरवायचीस. म्हटलं, पोरीला तेवढाच विसावा मिळतोय, तर राहू दे."

रोग्याची पापणी लवली तरी जिला कळायचं, तिला सकाळी कोण कुणाची काळजी घेत होतं ते कळलं नव्हतं. ती रडायला लागली आणि आईसाठी रडायचं राहिलेलंही त्याच्यातच रडून घेतलं. बाबा उठून तिच्या शेजारी येऊन बसले. त्यांनी तिचे डोळे पुसले नाहीत, गप्प हो म्हणाले नाहीत. तिचं तिला रडू दिलं.

बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "लांबचं चांगलं आहे ना?"

तिने मान डोलावली.

"मग तिथेच जा. माझं इथे काही अडत नाही." मग जरा संकोचून ते म्हणाले, "पण सुट्टीला घरी येशील, तेव्हा लावत जा बटणं. मला येतात म्हणून काही झालं नाही."