अण्णांचा होकार

अण्णा दुसऱ्याच्या वतीनं कधी "हो" म्हणत नसत. इंदिरानगरच्या आमच्या ऑफिसात कुणी त्यांना जोडीनं जेवायला बोलावलं, की स्वतःपुरतं ते लगेच कबूल करत आणि बायकोसाठी घरी फोन लावत. "अण्णा, अक्का काय नको म्हणणार आहेत का?" असं आम्ही चिडवलं तर म्हणत, "म्हणंल की! तोंड तिचं, जीभ तिची. मी कोण मधला दलाल?"

ते निपाणीकडचे. घर यशवंतपूरला, घाऊक बाजाराच्या मागं. फोनवर कन्नड, जेवताना मराठी, आणि रागावले की दोन्ही. मी पुण्याहून बदलून आलेला, हुद्द्यानं त्यांचा वरिष्ठ. हवामानबदलाच्या आंतरराष्ट्रीय वाटाघाटींसाठी शेजारी देशांची मिळून एक बाजू तयार करणं हे आमचं काम. कुणी डोंगरातला, कुणी नद्यांच्या मुखाशी वसलेला, कुणी समुद्रातली चार बेटं. एकेकटे बोलले तर श्रीमंत देश मान डोलावून पुढं जातात, म्हणून सगळ्यांनी आधी बेंगळुरूला बसायचं, भांडून घ्यायचं आणि तिकडं एका आवाजात बोलायचं.

या वाटाघाटींत मसुद्यातलं जे वाक्य कुणालातरी मान्य नसतं ते चौकोनी कंसात ठेवतात. कंस निघाला तर वाक्य पक्कं होतं, नाहीतर कंसासकट वाक्यच जातं. शेवटच्या दोन दिवसांत सगळी देवाणघेवाण या कंसांचीच चालते. अण्णांनी आमच्या गटाला एक शिस्त लावली होती. वाक्य ज्या देशानं मागितलं, त्याला समोर उभं राहून विचारल्याशिवाय ते सोडायचं नाही. समासात ते पेन्सिलीनं त्या देशाच्या माणसाचं नाव लिहून ठेवत. आपल्या देशाच्या आकाराची शेजाऱ्यांना धास्ती असायची. अण्णांची नव्हती. ती मंडळी बेंगळुरूला येत ती त्यांच्या शब्दावर.

आमिनाबाई एका बेटांच्या देशातून येत. समुद्रात जमीन गेली तर त्या देशाला भरपाई मिळावी, एवढं एकच वाक्य त्यांनी आमच्या मसुद्यात घातलेलं. "माझं एवढंच आहे, अण्णा," त्या म्हणायच्या. "एकच आहे म्हणून तर जपायचं, बाई. तुमच्या बेटावर उंच जागा एकच असली तर ती कुणाला खणू द्याल काय?" यावर त्या हसत. हसण्यासारखं त्यात फारसं नव्हतं.

त्या वर्षी परदेशातल्या बैठकीची ती शेवटची दुपार होती. अण्णांना तीन दिवस ताप. ते हॉलच्या कोपऱ्यात कोट पांघरून पडले होते. बाहेरच्या व्हरांड्यात दहाबारा जण घोळका करून उभे होते आणि आपल्या बाजूनं मी. एका श्रीमंत देशाचा माणूस हळूच म्हणाला, भरपाईचं वाक्य सोडा, तंत्रज्ञानाचा परिच्छेद तुम्हाला हवा तसा देतो. तो परिच्छेद घेऊन परतायचं असं मला दिल्लीहून बजावलेलं होतं. आमिनाबाई पलीकडच्या इमारतीत होत्या. चालत पाच मिनिटं. मी गेलो नाही. होकारार्थी मान हलवली.

तासाभरानं मसुदा मंजूर झाला. आमिनाबाई कागद हातात घेऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "कुणी सोडलं हे?"

"अण्णांना विचारलं होतं," मी म्हणालो.

मग मी घाईघाईनं अण्णांकडं गेलो. "अण्णा, मघाशी तुम्हाला त्या वाक्याचं विचारलं. तुम्ही हो म्हणालात."

"मी?"

"तापात होता तुम्ही."

त्यांनी अंगावरचा कोट बाजूला केला. "बाईंना न विचारता? मी?" मी हातातले कागद नीट लावत राहिलो. "सरी," ते कन्नडमध्ये म्हणाले, म्हणजे ठीक आहे. भिंतीला धरून उठले आणि आमिनाबाईंपुढं जाऊन हात जोडले. "चूक माझी झाली, बाई. तुम्हाला विचारायचं राहिलं." बाईंनी अण्णांकडं पाहिलं, कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि निघून गेल्या.

माझी समजूत अशी झाली की अण्णांनी सगळं ओळखलं आणि गट फुटू नये म्हणून, मला वाचवायला, ते अंगावर घेतलं. त्यांच्या मोठेपणावर मी पुढं वर्षानुवर्षं निवांत जगलो. गट तर फुटलाच. पुढच्या वर्षी बेंगळुरूच्या बैठकीला निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. आमिनाबाई आल्या नाहीत. ज्याचा त्याचा मसुदा, ज्याचा त्याचा आवाज. अण्णांनी मुदतीआधीच नोकरी सोडली. निरोपाला चार शब्द बोला म्हटलं तर, "नको हो साहेब, माझ्या शब्दाचं काय," एवढंच म्हणाले. तेव्हाही मला वाटलं, टोमणा मारला.

नंतर क्वचित भेटायचे. भाजी घेतानासुद्धा दुकानदाराला, "मी काय सांगितलं आत्ता?" असं विचारून खात्री करून घ्यायचे. मी ते वयावर घातलं.

या उन्हाळ्यात अण्णा गेले. तेरा दिवस झाल्यावर मी यशवंतपूरला गेलो आणि अक्कांना सगळं सांगितलं. शेवटी म्हणालो, "अण्णांनी मला झाकलं, अक्का. एवढा मोठा माणूस."

अक्का तांदूळ निवडत होत्या. हात थांबला.

"झाकलं? कुणी सांगितलं तुम्हाला? त्यांना खरंच वाटलं हो, आपणच हो म्हटलं. रोज विचारायचे मला, तापात मी बडबडतो काय गं? मी सांगायची, नाही, तुम्ही तापात गप्प पडून असता. पटायचं नाही. साहेब खोटं कशाला बोलतील, म्हणायचे."

अक्कांनी ताट बाजूला सरकवलं.

"त्या बाईंना दोनदा फोन लावला होता त्यांनी. उचलला नाही. तुम्ही मला कशाला सांगायलाय आता? मी तर तेव्हाच मानलं नव्हतं."

आमिनाबाईंना मी त्याच आठवड्यात पत्र पाठवलं. आमच्या गटात तेव्हा असलेले बाकीचे आता कुठं कुठं आहेत मला माहीत नाही, म्हणून हे इथं लिहितो. अण्णांनी त्या दुपारी हो म्हटलं नव्हतं. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.