बांधावरची घेटुळी आणि गफ्फारचाचा

१. बोंडअळीमुळे कपाशीवरच्या फवारण्या वाढल्या होत्या, त्या वर्षांतल्या एका दुपारी एक मजूर बोरी अरबच्या बाजारात शेख गफ्फार यांच्या जडीबुटीच्या दुकानात आला. तो फवारणीवरून आला होता. त्याला मळमळत होते, नीट दिसत नव्हते.
२. त्याने विषावरचा काढा मागितला.
३. गफ्फारचाचांनी काढा दिला नाही. दुकान उघडे टाकून त्यांनी त्याला ऑटोतून सरकारी दवाखान्यात नेले.
४. मजूर वाचला.
५. दुसऱ्या दिवसापासून चाचांनी कपाशीच्या बांधावरचा पाला आणि मुळ्या विकत घेणे थांबवले.

त्या दुपारी मी दुकानात होते. चाचांशी माझी ती पहिली भेट. औषधनिर्माणशास्त्राच्या अभ्यासासाठी मला घेटुळीचे, म्हणजे पुनर्नव्याचे, नमुने हवे होते. काहीही तोलण्याआधी चाचा गिऱ्हाइकाला विचारतात, घरी याचे काय करता? मी घटकद्रव्ये सांगू लागले. ते शांतपणे म्हणाले, “बेटा, घरचं इचारलं. कॉलेजातलं नाही.” तेवढ्यात तो मजूर दारात आला.

या प्रश्नाची उत्तरे चाचा एका वहीत लिहितात. घेटुळीच्या पानावर बंजारा तांड्यातली भाजी आहे, कोलाम घरांतला सुजेवरचा लेप आहे, गावातल्या जुन्या घरांतला मुळीचा काढा आहे आणि चाचांच्या अम्मींचा नुस्खाही आहे. कोणाचे बरोबर, हे त्यांनी कुठेही लिहिलेले नाही. एकदा मी अंगात ताप असताना दुकानात गेले. तुमच्या घरी तापावर काय करतात, असे त्यांनी विचारले. गोळी घेतो, मी म्हणाले. त्यांनी तेही लिहून घेतले आणि मला बसस्टँडपर्यंत सोडायला आले.

खरेदी थांबवल्यावर शिल्लक राहिलेले पोते त्यांनी मला तपासायला दिले. आमच्या प्रयोगशाळेत कीटकनाशकाचा अंश मोजण्याची सोय नव्हती. तसे मी सांगितले, आणि पुराव्याशिवाय माल फेकू नका, असेही सुचवले. चाचा म्हणाले, “म्हंजे तुलेबी माहीत नाही अन् मलेबी नाही. मंग इकू कसा?” पोते त्यांनी खड्ड्यात पुरले. तेव्हा मला ते पटले नव्हते. आज पटते.

पण त्या निर्णयाची झळ जमनीबाईंना बसली. तांड्यावरच्या जमनीबाई बरीच वर्षे चाचांना पाला आणून देत. भारा नाकारल्यावर, दवाखानेवाल्यांनी तुम्हाला नोकरीला ठेवले काय, असे त्यांनी चाचांना सुनावले. मग भारा खाली ठेवला.

“इकाचं जाऊ द्या, चाचा. आमच्या चुलीवर हेच शिजते. आता आमी खावं काय?”

दुकान बंद करून चाचा सायकलने एका ओळखीच्या शेतकऱ्याकडे गेले. एका फेरीत काम झाले नाही. तीन कराव्या लागल्या. शेवटी त्या शेतकऱ्याने नाल्याकडचा एक बांध आणि त्यालगतच्या काही ओळी फवारणीविना ठेवायचे कबूल केले, आणि पुढे दर हंगामात पाळलेही. तिथल्या घेटुळी, तरोटा, कुंजर या रानभाज्या जमनीबाई आधी घरी नेतात. उरलेला पाला चाचा घेतात. हा क्रम चाचांनीच ठरवला.

यंदा चाचांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांची प्रकृती उत्तम राहो, पुढची अनेक वर्षे दुकानाचे दार त्यांच्याच हाताने उघडले जावो आणि वहीची पाने भरत राहोत, ही मनापासून इच्छा.

यंदा तो बांध मात्र मिळणार नाही. शेत विकले गेले आणि नव्या मालकांनी नकार दिला आहे. चाचांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथाच्या अनेक वाचकांची शेती याच शिवारात आहे. त्यांना विनंती: आपला एक बांध आणि त्यालगतच्या ओळी फवारणीविना ठेवता येतील का, हे १० जूनपर्यंत दुकानात कळवावे. नकार असला तरी कळवावा, म्हणजे चाचांची एक फेरी वाचेल.