उलटी प्रदक्षिणा

माझा मित्र विन्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी लंडनमध्ये, वेम्बलीला ईलिंग रोडवर कोथिंबीर निवडत होतो. "भावजी, हे गेले. सकाळी चहा घेताघेता," कुंदावहिनी म्हणाल्या. आणि माझ्या तोंडून काय निघावं? "असा कसा गेला? रविवारचं भांडण अर्धवट टाकून?" वहिनी म्हणाल्या, "ते तर नेहमीचंच..."

भांडण अर्थातच अंगकोर वाटवरून. कंबोडियातलं ते बाराव्या शतकातलं विष्णुमंदिर या गृहस्थाच्या डोक्यात शिरलं ते शिरलंच. रिटायर झाल्यावर इथली माणसं गुलाब लावतात. आमच्या इंजिनिअर महाशयांनी पिनरच्या घरात, वहिनींनी हौसेनं घेतलेल्या डायनिंग टेबलावर लाकडी पट्ट्यांचं अंगकोर वाट बांधायला घेतलं! पाच शिखरं, खंदक, एकात एक ओवऱ्या. तेव्हापासून त्या घरात सगळे मांडीवर ताटं घेऊन टीव्हीसमोर जेवले, दिवाळीलासुद्धा. "अरे, वहिनींचं टेबल मोकळं कर," असं मी म्हटलं की तो सांगायचा, "त्यांच्याकडे खरी कमान नव्हती रे. दगड थोडा थोडा पुढे सरकवत छत मिटवायचं. म्हणून ओवऱ्या इतक्या अरुंद." आता बोला! मी जेवायचं विचारतोय, हा छताचं सांगतोय.

शेवटी एका हिवाळ्यात आम्ही चौघं तिथे गेलो. देऊळ पश्चिमाभिमुख. आत शिरताच आमची ही सवयीनं देव उजव्या हाताला ठेवून डावीकडे वळली, मागोमाग मी. तोच पाठीमागून गर्जना झाली, "उलटे! उलटे फिरा!" पुढचे टुरिस्टही दचकून थांबले. "अरे, शिल्पं डाव्या हाताला ठेवून बघायची. आधी कुरुक्षेत्र, मग समुद्रमंथन. मरणाच्या विधीत फिरतात तसं. राजानं स्वतःची समाधी म्हणून बांधलं असणार." मी म्हटलं, "पश्चिम विष्णूचीही दिशा मानतात, लगेच मरण कशाला?" ही तर भडकलीच. "जिवंतपणी उलटी प्रदक्षिणा घालायला मी काय मसणात आलेय?" झालं. आम्ही सुलटे गेलो, तो उलटा, आणि वहिनी मुकाट त्याच्याबरोबर. पलीकडे समुद्रमंथनापाशी देव-दानवांसारखे समोरासमोर आलो, तरी वाद चालूच!

परत आल्यावर तर कहर. टेबलाभोवतीसुद्धा त्याच दिशेनं फिरायचं. सॉस आणायला कुणी जवळच्या बाजूनं गेलं की हा सोफ्यावरून ओरडायचा, "उलटे!" वैताग नुसता. किती वेळा वाटलं, उचलावं ते देऊळ आणि बागेत ठेवून यावं.

क्रेमॅटोरियममध्ये त्याच्याभोवती फेरी घालायला जागाच नव्हती. पडदा सरकला, पुढच्या अंत्यविधीचे लोक बाहेर थांबलेलेच होते, आणि आम्ही कार पार्कमध्ये आलो. इतका वाद घालणारा माणूस, आणि त्याच्याच वेळी फेरी राहिली... मला त्याचाच राग आला.

परवा त्याच्या इथेच वाढलेल्या मुलानं, रोहननं, बोलावलं. "काका, हा देऊळ आपण टिपला नेऊ. आईला तिची टेबल पाहिजे." टिप म्हणजे इथला कचरा डेपो. मी म्हटलं, "चल, आत्ताच नेऊ." वहिनीही म्हणाल्या, "न्या एकदाचं." रोहननं देऊळ भरायला खोका उघडला. वहिनी चहा घेऊन आल्या. माझी खुर्ची किचनच्या दाराला लागूनच, पण त्या ट्रे सांभाळत, भिंतीला अंग घासत, देऊळ डाव्या हाताला ठेवून अख्ख्या टेबलाला वळसा घालून माझ्यापाशी आल्या.

"वहिनी, इकडून यायचं ना सरळ!"

"नको हो," त्या म्हणाल्या, "ओरडतात हे."

रोहननं खोका मिटवला.

निघताना मीही देऊळ डाव्या हाताला ठेवून, पूर्ण वळसा घालून दारापाशी गेलो. विन्या, तुझं पटलं म्हणून नव्हे हं. तुझी फेरी राहिली होती, म्हणून.