सासूबाईंचा मोत्यांचा सर

गौरी आमच्या घरी तीनच दिवस असायच्या, पण त्यांच्या दागिन्यांची धांदल आठवडाभर आधी सुरू व्हायची, आणि ती करायचे माझे सासरे. मी लग्न होऊन पनवेलला आले तेव्हा एक्स्प्रेसवे नवा कोरा होता आणि सासूबाईंना जाऊन काही वर्षं झाली होती. गौरींना साडी नेसवायचं काम लगेच माझ्या गळ्यात पडलं. दागिन्यांना मात्र हात लावायची सोय नव्हती, तो मान बाबांचा.

बाबांची पद्धत सरळसोट होती. समया, निरांजनं, पळीपंचपात्र आणि सासूबाईंनी माहेराहून आणलेला मोत्यांचा एकपदरी सर, सगळी मंडळी एकाच परातीत चिंचेच्या पाण्यात बसायची. मग बाबा बाह्या वर करून घासायला लागायचे. पितळ चकाकतं तर मोती का नाही चकाकणार, असा त्यांचा रोखठोक हिशेब. विसर्जन झालं की सर कापसात, कापूस प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी घट्ट झाकणाच्या डब्यात, वर दोन डांबरगोळ्या. कपाटाची किल्ली जानव्याला.

एका वर्षी गौरीच्या गळ्यात तो सर मला खडूच्या तुकड्यांसारखा दिसला. मी तसं म्हटलं तर बाबांनी ट्यूबलाइटला दोष दिला. एवढंच नाही, दुपारी जाऊन नवीन ट्यूब आणून लावली. नव्या उजेडात मोती आणखीच निस्तेज दिसले. सासूबाईंच्या साड्या वाटून झाल्या होत्या, बांगड्या मुलींकडे गेल्या होत्या. घरात त्यांचं म्हणावं असं हेच उरलं होतं, आणि त्याची चमक चालली होती.

गौरी गेल्यावर आम्ही बाजारातल्या बाबांच्या नेहमीच्या सराफाकडे गेलो. त्याने एक मोती दातांवर हलकेच घासला, कचकच लागली म्हणजे खरा, असं म्हणाला. बाबांची मान ताठ झाली. मग त्याने साफ कशाने करता ते विचारलं, आणि चिंचेचं नाव ऐकून सर गादीवरच्या मखमलीवर असा ठेवला की जणू पेशंटच. मोती म्हणजे दगड नव्हे, तो शिंपल्यात थरावर थर चढून होतो. आंबट लागलं की वरचा थर विरघळतो, आणि कापसात-प्लास्टिकमध्ये कोंडून ठेवला की तो कोरडा पडतो, हे त्याने समजावून सांगितलं. गेलेलं तेज परत येणार नव्हतं. उरलेलं टिकवायचं तर रेशमात पुन्हा ओवून, प्रत्येक मोत्यापाशी गाठ मारून घ्यायचा, आणि मुख्य म्हणजे कुणीतरी तो अंगावर घालायचा.

घरात घालण्याजोगी मान माझीच होती. बाबांनी तिच्याकडे, एखादी जागा भाड्याने द्यावी की नाही अशा नजरेने, बराच वेळ पाहिलं.

आणि मग माझे हाल सुरू झाले बाई! सेंट मारून झाल्यावर, पावडर लावून झाल्यावर, केस विंचरून झाल्यावर, सगळ्यात शेवटी सर घालायचा. घरी आल्यावर चप्पल काढायच्या आधी सर काढायचा. आंघोळीला नको, फोडणीजवळ नको, खुंटीला टांगायचा नाही, दोरा ताणतो. खारघरला ऑफिसला जाताना तळोज्याच्या केमिकल कारखान्यांकडून वास आला तर पदराने झाकून घे, असा एक नियम त्यांनी स्वतःच्या पदरचा घातला होता. मी ड्रेस घालून जायचे, पदर कुठून आणणार? त्यावर ओढणी चालेल, असा तोडगा निघाला. संध्याकाळी मी दारात पाऊल टाकलं की बाबा मलमलचा ओलसर फडका घेऊन हजर. चहा मला नंतर, आधी मोत्यांचं अंग पुसणं. ऑफिसात मैत्रिणी विचारायच्या, नवऱ्याने दिला का गं? मी सांगायचे, छे, मी नुसती याची आया आहे.

असे बरेच महिने गेले. मोती काही नव्यासारखे झाले नाहीत, पण खडूपणा थांबला. पुसल्यावर आतून थोडं दुधाळ काहीतरी दिसायचं. बाबा खुशीत असायचे. एका संध्याकाळी ते असेच खिडकीपाशी एकेक मोती पुसत बसले होते. मी चिडवायला म्हटलं, "सासूबाईंनाही एवढंच छळायचात का हो?"

त्यांचा हात थांबला नाही. मान खालीच होती.

"तिला कुठे घालू दिला मी," ते म्हणाले. "भाचीच्या लग्नात घालते म्हणाली होती. मी म्हटलं, हरवेल. मग पुन्हा कधी तिने विचारलंच नाही."

मला फार वाईट वाटलं, त्यांच्यासाठी वाटलं, आणि त्याच वेळी त्यांचा रागही आला, मी कधी न पाहिलेल्या त्या बाईच्या वतीने. भाचीच्या लग्नाच्या दिवशी त्या सराशिवाय तयार होणारी ती मला स्पष्ट दिसली. बाबांनी शेवटचा मोती पुसला. रोज ते सर लगेच उचलून कपाटात ठेवत. त्या दिवशी तो तळहातावर घेऊन तसाच माझ्यापुढे धरला.

"घाल," ते म्हणाले. "घरातसुद्धा घालत जा."