मारीपोसाच्या चार टाळ्या

सांगते, सांगते! पण एक अट आहे. कप आधी खाली ठेवा. मागच्या वेळी हा किस्सा सांगितला तेव्हा मावशीच्या नव्या चादरीवर चहा सांडला आणि शिव्या मी खाल्ल्या.

तर, तुम्हाला माहीतच आहे, मी सहा वर्षं बाहेर होते. आधी हैदराबादला स्पॅनिश शिकले, मग दोन वर्षं थेट स्पेन. परत आले ती डोक्यात एकच खूळ घेऊन: आपल्या जाफराबादमध्ये स्पॅनिशचा वर्ग काढायचा! फुकट! का नाही काढायचा? जग काय फक्त पुण्या-मुंबईच्या पोरांसाठी आहे?

आमचे नाना, म्हणजे माझे वडील, बी-बियाण्यांचं दुकान चालवतात. त्यांनी शांतपणे विचारलं, "आन् कोन येईल शिकायला?"

"सगळे येतील, नाना!"

"न्हाई आले तर?"

मी तावातावात बोलून गेले, "पंधरा दिवसांत तीस माणसं जमली नाहीत, तर बेंगळुरूला भाषांतराची नोकरी मिळतेय, ती धरते आणि जाते!"

नाना सोयाबीनच्या पोत्यावर हात फिरवत बसले. तिथंच मला कळायला हवं होतं. पण मला कळलं असतं, तर तुम्हाला किस्सा मिळाला असता का?

पहिल्या दिवशी समाजमंदिरात किती विद्यार्थी आले? दोन. त्यातला एक मोबाइल चार्ज करायला आला होता. मी घरी आले, ताटावर बसले आणि न जेवताच उठले.

आणि दुसऱ्या दिवशी? अहो, दुसऱ्या दिवशी समाजमंदिरासमोर तीन काळ्यापिवळ्या जीपा! एकेका जीपमधून माणसं उतरतायत, उतरतायत, संपतच नाहीत! बेचाळीस माणसं! फेटेवाले, नऊवारीवाल्या, मिशीला पीळ दिलेले. मी नानांचा हात धरून म्हटलं, "बघितलंत? भूक आहे लोकांना ज्ञानाची!"

नाना म्हणाले, "व्हय. म्हणूनच पोहे सांगून ठेवले."

माझी शिकवायची पद्धत अगदी नवी होती. आधी कान तयार करायचा, अर्थ मागाहून. स्पॅनिश शब्द तुकड्यातुकड्यांनी चालतो, तेव्हा शब्द म्हणायचा आणि प्रत्येक तुकड्याला एक टाळी. मा-री-पो-सा: चार टाळ्या. बेन-ता-ना: तीन टाळ्या.

"चला, टाळ्या वाजवा!" मी म्हटलं.

आणि काय सांगू! असा कडकडाट झाला की छतावरची कबुतरं उडाली. आणि मागून एक जण उभा राहून ओरडला, "ताई, तुम आगे बढो!"

"हम तुम्हारे साथ हैं!" बाकीचे एकेचाळीस.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं! स्पेनमध्ये दोन वर्षांत मला कुणी एकदाही 'आगे बढो' म्हटलं नव्हतं.

सुरुवातीला थांबायचं कुठं ते त्यांना कळत नव्हतं. एकदा सुरू झाले की मी हात वर करेपर्यंत वाजवायचे. पण चार दिवसांत असे तयार झाले, असे तयार झाले, की टाळीत त्यांचा हात धरणारं कुणी नाही! पुढच्या ओळीत कौतिकाबाई बसायच्या, सत्तरीच्या, गुडघ्याला पट्टा. त्या तर माझ्याही पुढं. 'सिउदाद' शब्दाला सगळ्यांनी तीन टाळ्या वाजवल्या. मी सांगितलं की नाही, दोनच, सिउ-दाद, कारण इथं दोन स्वर एकाच तुकड्यात बसतात.

कौतिकाबाई म्हणाल्या, "म्हंजी जीपमधी डायवरच्या सीटवर दोघं बसत्यात तसं."

सांगा, स्पेनच्या कुठल्या प्राध्यापकाला सुचलं असतं हे?

आता तुम्ही विचाराल, तुला काहीच संशय आला नाही का? यायला हवा होता की! एक आजोबा रोज विचारायचे, "ताई, साहेब कवा येनार?" मला वाटलं, मी कधीतरी माझ्या स्पेनच्या सरांबद्दल बोलले होते, त्यांची वाट बघतायत. मी म्हणायचे, "येतील, आजोबा, एक दिवस नक्की येतील!" ते मान हलवून म्हणायचे, "साहेब लोकं उशिराच येत्यात."

बाराव्या दिवशी मी सगळ्यांना घरचा अभ्यास दिला. उत्साह नडतो तो असा. मी म्हटलं, "शब्दांचे तुकडे पाडायची सवय लागली पाहिजे. बाहेर कुठंही जा, कुणीही काहीही बोलू दे, प्रत्येक तुकड्याला टाळी! लाजायचं नाही!"

"बराबर, ताई!"

तेराव्या दिवशी सगळ्यांनी मिळून सुट्टी मागितली. घनसावंगीला काम होतं म्हणे. बेचाळीसही जणांना. मी आनंदानं दिली. चौदाव्या दिवशी जीपा आल्या नाहीत, पण मी म्हटलं, दमली असतील माणसं.

पंधराव्या दिवशी दुपारी मी बेंगळुरूला कळवून टाकलं. 'आभारी आहे, पण माझी गरज इथं आहे.' मनात बँड वाजत होता! संध्याकाळी सगळे हजर, नानासुद्धा. मी उभी राहून जाहीर केलं, "मी नोकरी नाकारली! मी कायमची इथंच राहणार!"

कडकडाट. आणि त्या कडकडाटात दार धाडकन उघडून बबनकाका आत आले. जीपा त्यांच्याच. पण रोज माणसं सोडून ते बाहेरच थांबायचे. आज चेहरा लालबुंद.

"ताई! माझी मान्सं बिघडवली तुम्ही!"

"तुमची माणसं? हे माझे विद्यार्थी आहेत!"

"इद्यार्थी कशाचे? बारा वर्सं झाली, जिल्ह्यात कुनाची बी सभा असू द्या, गर्दी मी नेतो! टाळ्या कवा वाजवायच्या ते मान्सं माझ्या रुमालाकडं बघून ठरवत्यात. आन् परवा घनसावंगीला काय केलं माहितेय का? साहेब उभे राह्यले. म्हनले, 'बंधू.' दोन टाळ्या! 'भगिनींनो.' पुन्हा टाळ्या! साहेबाला आधी वाटलं, लईच आवडून राह्यलं. मंग म्हनले, 'आज मी.' पुन्हा दोन टाळ्या! मी रुमाल हलवून हलवून थकलो, कोनी बघंना! अर्धा घंटा झाला, साहेब पहिल्या वाक्यातच! शेवटी माईक आपटून गाडीत बसले. मला म्हनले, आता तोंड दाखवू नको!"

मी काय विचारायला हवं होतं? पण सवय वाईट. माझ्या तोंडून निघून गेलं, "'भगिनींनो'ला किती वाजल्या?"

"चार!" बेचाळीस माणसं एका सुरात.

"बरोबर!" मी म्हटलं.

बबनकाकांनी कपाळावर हात मारला. मग हळूहळू माझ्या डोक्यात उजेड पडायला लागला. सभेची गर्दी. तीन जीपा. पोहे. मी वळून नानांकडे बघितलं. नाना छताकडे बघत होते, जणू कबुतरं मोजतायत.

"नाना?"

"पहिल्या दिशी दोघंच आल्ते," नाना म्हणाले. "तू ताटावरून उठून गेल्तीस. मंग मी बबनला म्हनलो, पंधरा दिवस मान्सं बसव. निस्त्या टाळ्या वाजवायच्या."

"म्हणजे मला फसवलंत?"

"सहा वर्सांनी आलीस, पोरी. पंधरा दिवसांत कशी जाऊ देऊ? म्हनलं, बसून बसून शिकतील बी."

आता यावर भांडायचं कसं? आणि तसंही बेंगळुरूची नोकरी तर मी माझ्याच हातानं घालवून बसले होते.

बबनकाकांनी रुमाल हलवला. "चला, बसा जीपमधी, जल्दी!" आणि डोळ्यांसमोर माझा वर्ग रिकामा झाला. जाता जाता ते आजोबा माझ्याजवळ थांबले. "ताई, साहेब शेवटी आलेच न्हाईत बगा," म्हणाले, आणि गेले.

एकट्या कौतिकाबाई हलल्या नाहीत. पट्टा सारखा करत म्हणाल्या, "मी जात न्हाई. मला शिकायचंय."

अहो, मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं! मी म्हटलं, "कौतिकाबाई, विचारा! काय वाटेल ते विचारा!"

"ते मारीपोसा म्हंजी काय, बाई?"

पंधरा दिवस. पंधरा दिवस मी तो शब्द रोज म्हणून घेतला आणि अर्थ एकदाही सांगितला नाही! मी ओशाळून म्हटलं, "फुलपाखरू."

कौतिकाबाई माझ्याकडे बघत राहिल्या. "फुलपाखरू? नुसतं फुलपाखरू?"

"हो. का?"

"आगं, मला वाटलं तिकडल्या देवाचं नाव हाय! मी रोज सकाळी तुळशीपुढं चार टाळ्या वाजवून म्हनून राह्यले की! गुडघा बी जरा हलका झाला."

तर मंडळी, सध्या परिस्थिती अशी आहे. नोकरी नाही. समाजमंदिर आहे. वर्गात विद्यार्थिनी एकच. अर्थ कळला तरी तिनं तुळशीपुढचा नेम काही सोडलेला नाही. आणि गेल्या सोमवारी तिनं त्या फुलपाखराला नवसही बोललाय: बाईंच्या वर्गाला दुसरं कुणीतरी येऊ दे.