बांधावरचा बगळा आणि न थांबणारी कॅसेट

जानेवारी १९९८. रविवार, सकाळची वेळ. उमेळ्याच्या पुढे खाडीच्या बांधावर एक टेबल मांडलं होतं आणि मी वॉकमनमध्ये पेन्सिल सेल भरत होते. सेल भरून वॉकमन पुढे केला की पाटकर त्याच्या बटणांच्या मापाची चिकटपट्टी कापून ठेवत होते.

"बटणं कशाला बंद करताय?" मी विचारलं.

"मॅडम, सगळी नोकरी बँकेत काढली मी. पब्लिकच्या हाती बटण दिलं की पब्लिक ते दाबतं. आपण प्ले करून द्यायचं, चिकटपट्टी मारायची, की थेट शेवटपर्यंत."

पाटकर निवृत्त ब्रँच मॅनेजर आणि निसर्गप्रेमींच्या एका छोट्या संस्थेचे सेक्रेटरी. खाडीकाठची दलदल लोकांनी गाईडशिवाय बघावी ही कल्पना त्यांची. कमरेला वॉकमन, कानाला हेडफोन. कॅसेटमधली बाई सांगेल तसं चालायचं, सांगेल तिकडे बघायचं.

ती बाई मी. बोळिंजला माझा दोन खोल्यांचा स्टुडिओ होता. भिंतींना गाद्या ठोकलेल्या. एरवी मी शाळांच्या गॅदरिंगचे ट्रॅक करायची आणि निवडणूक आली की रिक्षावरून फिरणाऱ्या घोषणा. हे काम वेगळं होतं आणि मला ते मनापासून हवं होतं. ही वाट पसंत पडली तर पुढे आणखी तीन वाटांच्या कॅसेट माझ्याकडे येणार होत्या. नाही पडली, तर वॉकमन परत जाणार आणि काम मुंबईच्या एखाद्या स्टुडिओला मिळणार. पसंत करणारे होते राऊतसाहेब. वॉकमन त्यांच्या कंपनीने दिले होते. मूळचे इथलेच, वाडीवाले, पण नोकरीसाठी मुंबईला गेले ते तिथलेच झाले.

अशा कॅसेटचं एक आहे. तिला डोळे नसतात. ऐकणारा कुठवर पोचला हे तिला कळत नाही, ती आपली घड्याळावर चालते. म्हणून आधी स्वतः वाट चालून वेळ मोजायची आणि दोन ठिकाणांच्या मध्ये तेवढी अ‍ॅम्बियन्स भरायची. अ‍ॅम्बियन्स म्हणजे त्या जागेचा आवाज. वारा, पाणी, पक्षी. पाटकर आणि मी एका बुधवारी सकाळी मोजमाप केलं होतं. बांधावर आम्ही दोघं आणि एक कुत्रा. वेळ अगदी चोख बसली होती.

राऊत आले. गॉगल, पांढरे बूट. सोबत त्यांच्या ऑफिसातले चार-पाच जण. सगळ्यांच्या कानांना हेडफोन चढले, पाटकरांनी एकेक प्ले दाबून पट्ट्या चिकटवल्या आणि मंडळी निघाली. पाटकर सगळ्यात पुढे, मी मागे. माझ्याही एका कानात मीच, दुसरा मोकळा.

पहिला मुक्काम उघाडी. उघाडी म्हणजे बांधातलं दार. भरतीचं खारं पाणी बाहेर अडवतं, ओहोटी लागली की आतलं पाणी सोडतं. राऊतांनी वाकून बघितलं, मान डोलावली. दुसरा मुक्काम निवट्यांचा. चिखलावर उड्या मारणारे हे मासे. ऑफिसातल्या एका मुलीने किंकाळी फोडली. फारच छान चाललं होतं.

मग चर्चमधली मिस्सा सुटली.

बुधवारी मिस्सा सुटून कोणी बांधावर येत नाही. रविवारी अर्धं गाव येतं, कारण पलीकडच्या पाड्याला जायची जवळची वाट तीच. ठेवणीतले कपडे घालून माणसं समोरून यायला लागली. आणि आमच्याकडे बांधावर समोरासमोर आलेल्या माणसाला "कुठे निघालात?" विचारल्याशिवाय कोणी पुढे जात नाही. उत्तर न देता तर मुळीच नाही.

पाटकरांनी उत्तर दिलं नाही. त्यांना ऐकूच आलं नाही. ते कॅसेट सांगेल तसे डावीकडे, उजवीकडे बघत तरातरा गेले.

"ह्यांना काय झालं?" एका मावशीने मला विचारलं.

"काही नाही, कॅसेट ऐकतायत."

"चालताना?" तिने पाटकरांच्या पाठीकडे अपार दयेने पाहिलं.

राऊतांपुढे एक उंच म्हातारे येऊन उभे राहिले. पांढरा शर्ट, काळी पँट, हातात मासळीची पिशवी.

"वाडीवाल्यांचा तू ना? आईसच्या तोंडाचा हायेस. कवा आलास? कुठं चाललास?"

राऊतांनी हेडफोन मानेवर उतरवला. "बस्त्यावकाका! तुम्ही आहात अजून?"

"नाय तर कोन, माझं भूत हाय?"

झालं. कोण गेलं, कोणाचं लग्न झालं, कोणी वाडी बिल्डरला दिली. माझ्या कानात माझाच आवाज पुढे पुढे पळत होता. मिठागर गेलं. तिवरांची झाडं गेली. हातवारे करून काही उपयोग नव्हता. शेवटी राऊतांनी शिष्टाचार म्हणून हेडफोन परत कानाला लावला आणि मी सांगत होते:

"आता समोर पाहा. पांढरं अंग, काळे पाय, लांब मान. हा तासन् तास एका जागी उभा राहतो. याचं सगळं लक्ष मासळीवर. जवळ जाऊ नका, घाबरेल."

राऊतांनी समोर पाहिलं. समोर बस्त्यावकाका.

मोठे साहेब असे हसताना मी कधी पाहिले नव्हते. ते बांधावर खालीच बसले. मग हेडफोन काढून त्यांनी काकांच्या कानांवर चढवला. काका गंभीरपणे ऐकत राहिले.

"कोन बाय हाय ही?" ते ओरडले, कारण हेडफोन लावलेला माणूस ओरडतोच. "सांगते का, याचे पाय चिखलात राहूनबी मळत नाय! माझे रोज मळतात!"

मग कोणाला आवरणार? ज्याला त्याला ऐकायचं होतं. हेडफोन या डोक्यावरून त्या डोक्यावर. एका वहिनींच्या वेणीत एक अडकला. दोघी एकाच हेडफोनला एकेक कान लावून उभ्या. ऑफिसातल्या मुलीच्या हातावर कोणीतरी केळं ठेवलं. मी ओरडत होते, "हळू, वायर तुटेल!" आणि मलाही हसू फुटत होतं, हे खरं. थांबवायचं म्हटलं तर बटणं चिकटपट्टीखाली.

"पाटकर कुठायत?" राऊतांनी डोळे पुसत विचारलं.

आम्ही परत आलो तर पाटकर टेबलाशी होते. कॅसेटने त्यांना पूर्ण फेरी मारून "धन्यवाद, वॉकमन परत करा" असं सांगितलं होतं. त्यांनी वॉकमन काढून स्वतःसमोर ठेवला होता आणि ते शिस्तीत आमची वाट बघत बसले होते.

"अप्रतिम, साहेब," ते म्हणाले. "एक सेकंद इकडेतिकडे नाही."

राऊत माझ्याकडे वळले. हसणं थांबलं होतं.

"मॅडम, तुमची कॅसेट मी ऐकलीच नाही."

"नाही. अर्धीसुद्धा नाही."

"आणि पाटकरांनी पूर्ण ऐकली, पण त्यांना वाटेत कोणी भेटलं नाही."

"त्यांना अर्धं गाव भेटलं. त्यांना कळलं नाही."

"मग पुढच्या तीन वाटांना काय करणार?"

"बटणं मोकळी ठेवणार. प्रत्येक मुक्कामाला मी सांगणार, आता मला बंद करा. मग माणूस कितीही वेळ थांबू दे."

"आणि मुंबईचा स्टुडिओ हे करू शकणार नाही?"

"करेल की. पण बुधवारी येऊन मोजमाप करेल."

राऊत पाटकरांना म्हणाले, "वॉकमन इथेच राहू देत. तिन्ही वाटा मॅडमकडे. पण बगळा काढायचा नाही."

पाटकरांना बगळ्याचं काय ते कळेना. सांगायला कोणालाच धीर नव्हता, सगळे पुन्हा हसत सुटले होते.

या धंद्यात मी शिकले ते एवढंच. वाटेचं मोजमाप वाट रिकामी असताना करू नये.

सोमवारी सकाळी स्टुडिओ उघडला, पंखा बंद केला, माइक लावला आणि नवं वाक्य रेकॉर्ड केलं: "समोरून कोणी येत असेल तर आधी मला बंद करा, आणि कुठे निघालात ते त्यांना विचारा." मग पाटकरांना फोन लावला आणि पुढच्या वाटेसाठी रविवारी मिस्सा सुटायच्या वेळी या म्हणून सांगितलं.