ताण दिलेलं झाड

आमच्या लेआउटमध्ये कुणीही झाड तोडलं नाही, हे आधीच सांगून टाकते. बाहेरचे लोक येतात, उघडी अंगणं बघतात आणि म्हणतात, एवढी जुनी संत्र्याची बाग होती, खाऊन टाकली तुम्ही. खाल्ली नाही. पाणी पाजून पाजून मारली.

जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला, तेव्हा बाबा शिकवायचे ती शाळा तिकडे गेली. त्यांनी खटपट करून बदली इकडे, जुन्या जिल्ह्यात मागून घेतली आणि गावाबाहेरच्या या बागेत प्लॉट घेतला. बाग जुन्या मालगुजार घराण्याची. त्या घरातले शेवटचे म्हातारे, ज्यांना सगळे मालकच म्हणायचे, त्यांनी प्लॉट पाडताना अट घातली होती की झाडांना हात लावायचा नाही. त्यामुळे घरंच झाडांना बगल देऊन बांधली गेली. आमच्या स्वयंपाकघराचा एक कोपरा एका झाडासाठी आत दबलेला आहे. झाड केव्हाच गेलं, पण त्या कोपऱ्यात आजही कपाट बसत नाही.

इथे येणारी निम्मी माणसं विणकरांच्या घरातली आणि निम्मी आमच्यासारखी धानवाली. आई कोंढ्याकडची, धानाच्या बांधीत गुडघाभर पाण्यात उभी राहून वाढलेली. पाणी देणं म्हणजे जीव लावणं, एवढंच तिला ठाऊक होतं. पण संत्र्याचं उलटं असतं. हिवाळ्यात त्याचं पाणी तोडावं लागतं. झाड तहानतं, पिवळं पडतं, पानं गाळतं, आणि मग पाणी मिळालं की फुलून येतं. याला ताण देणं म्हणतात. मालक काठी टेकत फाटकाशी यायचे आणि सांगायचे, "बाई, ताण द्या जी झाडाले. रोज पानी पाजलं तं फुलणार कवा?"

आई मान हलवायची आणि ते वळले की बादली उचलायची. "भुकं-तहानं ठेवून कोणाले फुलवतेत का?" असं म्हणायची. "धानाचं पानी तुटलं तं दाना भरत नाही. हे का निराळं आहे?"

समजावून उपयोग नव्हता. घरोघरी तेच चाललं होतं. कुणी भांड्यांचं पाणी झाडाकडे वळवलं, कुणी न्हाणीचं. बुंध्याशी कायम चिखल. मग सालीतून डिंक गळायला लागला, साल कुजली आणि झाडं एकामागून एक वाळली. आमच्या अंगणात शेवटी एकच उरलं, बाबांच्या खिडकीसमोरचं.

त्या खिडकीशी बाबांची खाट आली, कारण त्यांची मूत्रपिंडं गेली. डॉक्टरांनी सांगितलं, पाणी दिवसाला एक लहान गडवा, बस. चहा, वरण, सगळं त्यातच धरायचं. जास्त झालं तर ते फुफ्फुसात भरेल.

आईच्या हातून हे होणं शक्य नव्हतं. बाबा म्हणायचे, "घोटभर दे ना वो," की ती द्यायची. आठवडाभरात त्यांचे पाय सुजले, श्वास अडकला, आणि त्यांना नागपूरला न्यावं लागलं. तिथे ते वाचले. डॉक्टर आईवर एवढे ओरडले, की वॉर्डातली माणसं वळून बघायला लागली. मला त्यांचा राग आला आणि आईचाही.

घरी परतल्यावर आई वेगळीच बाई झाली. माठ तिने स्वयंपाकघराच्या त्या दबलेल्या कोपऱ्यात नेऊन ठेवला आणि समोर पाट टाकून बसली. सकाळी गडवा भरायची आणि त्यातून चमच्याने द्यायची. बाबांनी हात जोडले. मग शिव्या दिल्या. आयुष्यभर तिला एक वावगा शब्द न बोललेला माणूस म्हणाला, "काहून वैर काढून राहिली माह्यावर? मारून टाकतेस का मले?" ती उठली. स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला डोकं टेकून उभी राहिली.

त्याच हिवाळ्यात मला दिसलं की समोरच्या झाडाचं आळं कोरडं पडलंय. मी विचारलं, तर म्हणाली, "त्याईच्या डोळ्यासमोर झाडाले कशी पाजू? ते पाहून राहतेत ना."

पानं पिवळी पडली, गळायला लागली. बाबा दिवसभर तिकडे बघत पडून असायचे. एकदा म्हणाले, "त्यालेही डॉक्टरनं सांगतलं का?" आम्ही दोघी हसलो आणि मग आईला हुंदका आवरेना.

माघात त्यांचं संपत आलं. शेजारची माणसं जमली. कुणीतरी म्हणालं, तोंडात पाणी घाला, वेळ झाली. आईने गडवा उचलला, चमचा भरला आणि तो तसाच धरून माझ्याकडे वळली.

"किती देऊ वो?"

मी म्हटलं, आई, दे. आता कितीही दे. ती बाबांचं तोंड ओलं करत राहिली. पाणी ओठांच्या कडेने उशीवर उतरलं, आत काही गेलं नाही.

तेरवीचे पाहुणे परतले, तशी तिने बादली काढली. संध्याकाळ होईपर्यंत ती त्या झाडाला पाणी घालत होती. मी थांबवलं नाही. काही आठवड्यांत झाड असं फुललं की फांदी दिसेना, आणि रिकाम्या खाटेपर्यंत वास यायला लागला. मला तो सहन होईना. मी खिडकी लावून घेतली.

मालक एका सकाळी फाटकाशी थांबले. बाबा गेल्याचं त्यांना माहीत होतं, पण झाड बघून म्हाताऱ्याला राहवलं नाही. "वा बाई," ते म्हणाले, "शेवटी जमलं तुमाले ताण देनं."

आई पायरीवर बसली होती. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला.

"हो जी," ती म्हणाली. "जमलं."